ज्यादा ठरलेल्या बॅटरचे तीन होमरन

गेली काही वर्षे मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बेसबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी आकडेवारी पुरवण्याचे काम कंत्राटी पद्धतीने करतो. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये निर्मात्याच्या मागच्या रांगेत माझी खुर्ची असते. समालोचकाच्या कानात सांगितला जाणारा आकडा आणि पडद्याच्या तळाशी झळकणारी पट्टी या दोन्ही गोष्टी आमच्या रांगेतून जातात. या कामात आकडा खरा असून भागत नाही. घरी बसलेल्या माणसाला तो सहा-सात सेकंदांत वाचून कळावाही लागतो. रविवार, 13 जुलै 2025 रोजी बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर या दोन गोष्टींचा मेळ घालणे मला फार अवघड गेले, त्याची ही हकीकत आहे.

त्या दुपारी यजमान ओरिओल्सची गाठ मायामी मार्लिन्सशी होती. ऑल-स्टार सामन्यासाठी (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) मिळणाऱ्या सुट्टीपूर्वीची ही अखेरची लढत होती आणि ओरिओल्सचा हंगाम तोवर जवळजवळ वाया गेलेला होता. 2023 मध्ये 101 सामने जिंकणाऱ्या या संघाने 2025 च्या मे महिन्यात व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना पदावरून दूर केले होते. त्यामुळे सामन्याच्या निकालाविषयी कोणाला फारशी उत्सुकता नव्हती आणि माझ्या टिपणांचा बहुतेक भर एकाच खेळाडूवर होता. काइल स्टोवर्स हा डाव्या हाताने खेळणारा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक, ओरिओल्सने 2019 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) 71 व्या क्रमांकावर निवडला, आपल्या छोट्या संघांतून वाढवला आणि 30 जुलै 2024 रोजी, म्हणजे ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मायामीला देऊन टाकला. त्याच्यासोबत कॉनर नॉर्बी हा इनफिल्डरही गेला आणि दोघांच्या बदल्यात ट्रेव्हर रॉजर्स हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बाल्टिमोरला आला. आता तोच स्टोवर्स मार्लिन्सचा ऑल-स्टार खेळाडू म्हणून जुन्या मैदानावर परतला होता.

त्याने एक होमरन मारला, तेव्हा व्हॅनमध्ये कोणी काही बोलले नाही. जुन्या संघाविरुद्ध चेंडू भिंतीपलीकडे टोलवणारे खेळाडू दर हंगामात निघतात. दुसरा मारला तेव्हा निर्मात्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तिसरा गेला, आणि हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, ‘ट्रेडचे कार्ड हवे. कोणाला काय मिळाले आणि कोण फायद्यात राहिले, एवढेच.’ पडद्यावर स्टोवर्स डगआउटमध्ये सहकाऱ्यांच्या टाळ्या स्वीकारत होता, धावफलकावर पाहुण्यांची आघाडी वाढतच चालली होती (सामना अखेर त्यांनी 11-1 असा जिंकला) आणि माझ्यापुढे तीन नावांची एक रिकामी चौकट उघडलेली होती.

त्या चौकटीत काय भरावे हा प्रश्न का अवघड होता, हे समजण्यासाठी ओरिओल्सकडे ज्यादा बॅटर कसे साठले ते पाहावे लागेल. 2018 मध्ये हा संघ 115 सामने हरला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ह्यूस्टनहून आलेल्या माइक इलायस यांच्याकडे संघबांधणीची सूत्रे गेली. अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या ड्राफ्टमध्ये सर्व संघ आळीपाळीने शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू निवडतात आणि हरणाऱ्या संघांची पाळी सर्वसाधारणपणे आधी येते. या पहिल्या फेरीच्या निवडींत इलायस यांनी सतत बॅटरच घेतले. 2019 मध्ये ॲडली रचमन, 2020 मध्ये हेस्टन कर्स्टॅड, 2021 मध्ये कोल्टन काउझर, 2022 मध्ये जॅक्सन हॉलिडे, 2023 मध्ये एन्रिके ब्रॅडफिल्ड आणि 2024 मध्ये व्हान्स हनिकट ही ती नावे. त्यांत एकही पिचर नाही. संघातला आजचा सर्वांत चांगला खेळाडू गनर हेंडरसन हा 2019 च्या दुसऱ्या फेरीतला, तोही शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक.

यामागचा हिशेब सरळ आहे आणि तो केवळ बाल्टिमोरचा नाही. महाविद्यालयात चांगली फटकेबाजी करणारा मुलगा पुढे काय करील याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. पिचरच्या बाबतीत कोणताही अंदाज त्याच्या कोपरापाशी येऊन थांबतो. कोपरातला आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी ती 1974 मध्ये प्रथम केली आणि त्यानंतर हजारो हात त्यामुळे पुन्हा खेळते झाले, परंतु एका शस्त्रक्रियेपायी वर्ष-दीड वर्षाचा खेळ आजही बुडतो. तेव्हा बॅटर पेरावेत, पिकले की त्यांतले जादाचे बाजारात न्यावेत आणि तयार पिचर विकत आणावेत, असा हा व्यवहार आहे. शिकागो कब्जने हेच करून 2016 मध्ये ग्लेबर टोरेस या तरुण शॉर्टस्टॉपच्या मोबदल्यात अरोल्डिस चॅपमन हा वेगवान पिचर आणला आणि 108 वर्षांनी विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी त्यांनी होझे किंटाना या पिचरसाठी एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ हे दोघे तरुण खेळाडू दिले. त्या सौद्याबद्दल कब्जचे लोक आजही चांगले बोलत नाहीत, कारण पुढे सीझ स्वतःच अव्वल पिचर निघाला.

जादा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा करणाऱ्या अमोल मुझुमदार यांना भारताकडून एकही कसोटी खेळता आली नाही, कारण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण आणि गांगुली होते. कमी पडत होत्या त्या जागा. बेसबॉलमध्ये निदान अशा खेळाडूला दुसरीकडे पाठवण्याची सोय आहे, पण ती सोय मुदतीची असते. मुख्य संघाच्या 26 जणांत जागा नसेल तर त्या खेळाडूला खालच्या संघात धाडता येते, परंतु त्याचे नाव संघाच्या चाळीस जणांच्या यादीत गेल्यानंतर असे साधारणपणे तीनच हंगाम करता येते. त्यानंतर त्याला वर ठेवा, नाहीतर इतर संघांना उचलू द्या. म्हणून जादाच्या बॅटरची किंमत दर हंगामाला थोडी थोडी कमी होत जाते आणि समोर बसलेल्या संघालाही ते पक्के ठाऊक असते.

2024 च्या जुलैमध्ये स्टोवर्स नेमका या अवस्थेत होता. आउटफिल्डच्या तीन जागांसाठी काउझर, सेड्रिक मलिन्स, अँथनी सँटँडर आणि कर्स्टॅड होते. ऑस्टिन हेजला तर चार दिवस आधीच फिलाडेल्फियाला देऊन टाकलेले होते. इनफिल्डमध्ये नॉर्बीच्या पुढे हेंडरसन आणि जॉर्डन वेस्टबर्ग होते, आणि हॉलिडे व कोबी मेयो हे दोघे नॉरफोकच्या संघात, म्हणजे मुख्य संघाच्या लगेच खालच्या संघात, दार ठोठावत होते. दुसऱ्या बाजूला पिचरांची दैना उडालेली होती. एकट्या जून महिन्यात काइल ब्रॅडिश, टायलर वेल्स आणि जॉन मीन्स या तिघांच्या कोपरांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि शेवटची इनिंग टाकणारा फेलिक्स बाटिस्टा आदल्या वर्षीच्या शस्त्रक्रियेमुळे संपूर्ण हंगाम बाहेर होता. 162 सामने गुणिले प्रत्येकी नऊ इनिंग म्हणजे हंगामाच्या सुमारे 1,458 इनिंग कोणीतरी टाकाव्या लागतातच. बॅटरची एक जागा रिकामी राहिली तर तिथे दुय्यम खेळाडू उभा करून दिवस काढता येतात. दर पाच दिवसांनी येणारी पिचरची पाळी रिकामी राहिली तर त्या दिवशी सगळ्या मदतनीस पिचरांचे हात झिजतात आणि त्याचे व्याज पुढचे चार दिवस भरावे लागते.

रॉजर्स हा त्या वेळी कोणाच्या स्वप्नातला पिचर नव्हता. 2021 मध्ये 2.64 च्या सरासरीने (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितके चांगले) तो ऑल-स्टार झाला आणि सर्वोत्तम नवोदिताच्या निवडीत दुसरा आला हे खरे, परंतु 2023 मध्ये दुखापतींमुळे त्याला केवळ चार सामने सुरू करता आले, म्हणजे त्यांत पहिला पिचर म्हणून उतरता आले, आणि 2024 मध्ये मायामीकडून 21 सामन्यांत त्याची कामगिरी दोन विजय, नऊ पराभव, सरासरी 4.53 अशी होती. तरीही तो 26 वर्षांचा होता आणि 2026 अखेरपर्यंत संघाच्या ताब्यात राहणार होता. याच्या अगदी उलट व्यवहार ओरिओल्सने त्याच वर्षीच्या 1 फेब्रुवारीला केला होता. हेंडरसनमुळे अडलेला शॉर्टस्टॉप जोई ऑर्टिझ, तरुण पिचर डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधला एक हक्क देऊन त्यांनी मिलवॉकीकडून कॉर्बिन बर्न्स आणला होता, जो त्या वेळच्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक होता, पण करार संपायला एकच हंगाम उरलेला होता. एकीकडे एका वर्षासाठी अव्वल हात आणि दुसरीकडे अडीच वर्षांसाठी शंकास्पद हात, असे दोन्ही प्रकारचे पिचर त्यांनी सहा महिन्यांत घेतले. माझ्या मते दोन्ही वेळा दिलेली किंमत त्या दिवसापुरती वाजवी होती. रॉजर्सच्या वेळी मात्र दोन-दोन बॅटर गेले म्हणून बाल्टिमोरमध्ये पुष्कळ ओरड झाली. दुसऱ्याच दिवशी नॉरफोकहून परत बोलावलेल्या हॉलिडेने टोरांटोविरुद्ध ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांचा होमरन, मारला आणि ती ओरड काही काळ मागे पडली. मुदतीच्या त्याच दिवशी ओरिओल्सने आणखी एक बॅटर घेतला, तो म्हणजे किंटानापायी शिकागोने कधीकाळी गमावलेला एलॉय हिमेनेझ. अशा योगायोगांना माझ्या फाइलीत वेगळा रकाना आहे. प्रक्षेपणात ते कधीच कामी येत नाहीत.

आता कार्डाकडे येतो. निर्मात्याची मागणी अशी होती की चालू हंगामाचे आकडे दाखवावेत, म्हणजे स्टोवर्स कसा तळपतो आहे ते दिसेल आणि प्रेक्षकांच्या मनातला राग पडद्यावर उमटेल. मी त्याला म्हणालो की चालू हंगामच घेतला तर रॉजर्सची बाजूही चमकते, कारण ट्रेडनंतर 2024 मध्ये त्याने ओरिओल्सकडून टाकलेले चारही सामने आपण झाकून ठेवतो. त्या चार सामन्यांत त्याची सरासरी 7.11 होती आणि ऑगस्ट संपण्याआधीच त्याला नॉरफोकला पाठवण्यात आले होते. बरे, ट्रेडच्या दिवसापासून मोजावे तर स्टोवर्सच्या खात्यात मायामीतले पहिले 50 सामने येतात, ज्यांत त्याने .186 एवढीच फलंदाजी केली होती, म्हणजे शंभर संधींत जेमतेम 19 यशस्वी फटके. 2024 च्या शरद ऋतूत हे कार्ड दाखवले असते तर दोन्ही संघांनी आपापला माल फेकून दिला आणि त्यातल्या त्यात सात होमरन मारणारा नॉर्बी तेवढा उपयोगी पडला, असा अर्थ निघाला असता. मोजणी कोणत्या तारखेपासून सुरू करायची, एवढ्यावर कार्डाचा निकाल फिरत होता.

निर्माता म्हणाला, ‘मग वॉर दाखव.’ ही सूचना बावळट नव्हती. वॉर हा आकडा नेमका याच कामासाठी तयार झाला आहे: सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, हे सांगणारा. बॅटर आणि पिचर एका तराजूत तोलण्याचे दुसरे साधन आमच्याकडे नाही. अडचण अशी की बॅटरच्या वॉरविषयी दोन प्रमुख संस्थांचे आकडे बरेचसे जुळतात. पिचरच्या वॉरविषयी मात्र त्यांचा पायाच वेगळा आहे. बेसबॉल-रेफरन्स पिचरने प्रत्यक्षात किती धावा दिल्या तेथून सुरुवात करते आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षणाचा वाटा त्यातून वजा करते. फॅनग्राफ्स मुख्यतः स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणे), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) आणि होमरन या गोष्टींचा आधार घेते, कारण त्यांच्या मते बाकीचे बरेचसे क्षेत्ररक्षकांच्या आणि नशिबाच्या हाती असते. धावा फार कमी देणारा, पण त्या मानाने स्ट्राइकआउट बेताचे घेणारा पिचर पहिल्या हिशेबात मोठा दिसतो आणि दुसऱ्यात जरा लहान. रॉजर्स मेच्या अखेरीस बोस्टनविरुद्धच्या एका सामन्यासाठी वर आला, त्यात त्याने एकही धाव दिली नाही, आणि जूनमध्ये परतल्यापासून तो असाच पिचर बनला होता. त्यात त्याचे डाव अजून मोजके होते, तर स्टोवर्स जवळजवळ रोज खेळत होता. रोज चार-पाच वेळा बॅट घेऊन उतरणारा आणि पाच दिवसांतून एकदा चेंडू टाकणारा यांची बेरीज जुलैच्या मध्यावर एका ओळीत मांडायची, तर त्या ओळीखाली एक परिच्छेद जोडावा लागला असता आणि आमच्याकडे सहा-सात सेकंद होते.

असल्या वादाला व्हॅनमध्ये फार तर एका जाहिरातीच्या विश्रांतीएवढा वेळ मिळतो. ग्राफिक्स चालवणारी सहकारी बोटे कीबोर्डवर ठेवून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी मी सुचवले की निकाल देणारा रकानाच काढून टाकावा आणि प्रत्येकाच्या नावापुढे 2024 मधले ट्रेडनंतरचे आकडे वर, 2025 मधले खाली, अशा दोन ओळी ठेवाव्यात. ‘कोण जिंकले’ हा प्रश्न समालोचकांवर सोपवावा, कारण त्यांना बोलण्याचेच पैसे मिळतात. निर्मात्याला ते मिळमिळीत वाटले आणि त्याने तसे सांगितलेही. पण सामना एकतर्फी होऊन बसला होता, भरण्यासाठी वेळ भरपूर होता, तेव्हा त्याने मान डोलावली. कार्ड गेले. समालोचकांपैकी जो स्वतः कधीकाळी पिचर होता तो ते पाहून पहिल्यांदा हे बोलला की 7.11 वरून इथवर येणाऱ्या माणसाने हिवाळ्यात काय केले असेल, याची त्याला उत्सुकता आहे. पुढची चर्चा, मैदानावर स्टोवर्स असताना, सगळी रॉजर्सविषयी झाली. रॉजर्सच्या गुडघ्याची वाटी जानेवारीत सरकली होती आणि हंगामाची सुरुवात त्याला पुनर्वसनात घालवावी लागली होती. निर्मात्याला हवा होता तो प्रेक्षकांचा राग त्या कार्डातून काही उमटला नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटले नाही.

सामना संपल्यानंतरही त्या दिवसाचे काम संपलेले नव्हते, कारण त्याच संध्याकाळी 2025 च्या ड्राफ्टची पहिली फेरी होती आणि पुढच्या आठवड्यातल्या प्रक्षेपणासाठी ओरिओल्सच्या निवडींची टिपणे मला करायची होती. त्यांच्याकडे त्या रात्री हक्कांची चंगळ होती. नियमाप्रमाणे 19 वा क्रमांक त्यांचाच होता. 30 आणि 31 हे दोन क्रमांक बर्न्स व सँटँडर करार संपवून दुसऱ्या संघांकडे गेल्याची भरपाई म्हणून मिळाले होते. बर्न्सने ॲरिझोनाशी सहा वर्षांचा 21 कोटी डॉलरचा करार केला होता आणि जूनमध्ये त्याच्याही कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. 37 वा क्रमांक तीनच दिवसांपूर्वी मदतनीस पिचर ब्रायन बेकर याला टँपा बे रेजकडे धाडून मिळवलेला होता. म्हणजे चारपैकी तीन हक्क, कोणत्या ना कोणत्या वाटेने, जुन्या खेळाडूंच्या जाण्यातून आलेले. त्या चार हक्कांवर त्यांनी निवडले ते आयक आयरिश हा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा), केडन बोडाइन हा आणखी एक कॅचर, वेहिवा अलॉय हा शॉर्टस्टॉप आणि स्लेटर डी ब्रून हा आउटफिल्डर. मैदानावर 11-1 अशी धूळ चारली गेलेल्या, पिचरांसाठी वर्षभर वणवण करणाऱ्या संघाने चारही वेळा बॅटरच उचलले होते.

तेवढ्यात जळगावहून आमच्या सरांचा फोन आला. महाविद्यालयात मी त्यांच्या हाताखाली सॉफ्टबॉल खेळलो. महाराष्ट्रात, आणि विशेषतः खानदेश-विदर्भाकडे, हा खेळ किती मन लावून खेळला जातो ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. सरांनी मात्र त्या मैदानावरून थेट अमेरिकेच्या लीगपर्यंत लक्ष ठेवले आहे आणि पहाटे उठून ते निकाल पाहतात. मी त्यांना स्टोवर्सच्या तीन होमरनविषयी आणि कार्डावरून झालेल्या वादाविषयी सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘अरे, बॅटर देऊन पिचर घेतला ना? मग पिचरचा हात बघायचा. गेलेल्या पोराचे होमरन मोजत बसलं तर झोप लागायची नाही.’ मी म्हटले, ‘सर, पण आज मोजायचं कामच माझं होतं.’ ‘मग मोज,’ ते म्हणाले, ‘पण आपल्या शॉर्टस्टॉपला पिचिंगला उभा केला होता त्या वर्षी काय झालं ते आठव.’ त्या वर्षी आम्ही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलो होतो, त्यामुळे आठवण्यासारखे फारसे काही नव्हते. मग त्यांनी आयरिश हा कॅचर म्हणून पुढे टिकेल का, याची चौकशी सुरू केली आणि माझी टिपणे अर्धा तास मागे पडली.

पुढे हंगाम संपला तेव्हा ओरिओल्स 75 विजय आणि 87 पराभवांसह गटात तळाला होते. जुलैअखेर त्यांनी मलिन्ससह बरेच जण विकून टाकले होते, म्हणजे आदल्या वर्षी ज्या टेबलाच्या एका बाजूला ते बसले होते त्याच्या दुसऱ्या बाजूला या वेळी ते दिसले. स्टोवर्स दुखापतीने थांबेपर्यंत 117 सामन्यांत 25 होमरन आणि .288 अशी फलंदाजी करून गेला. रॉजर्सने 18 सामने सुरू केले, नऊ जिंकले, तीन हरले आणि त्याची सरासरी 1.81 राहिली, त्या भिकार हंगामात संघाचा सर्वांत मोलाचा खेळाडू तोच ठरला. जुलैच्या त्या रविवारी मी विजेत्याचे नाव घातले असते तर सप्टेंबरात ते बदलावे लागले असते, किंवा कदाचित नसतेही. वर म्हटल्याप्रमाणे ते कोणाचे वॉर वापरतो त्यावर अवलंबून आहे. दोन्ही संघांना हवे ते मिळाले असे ट्रेड निघतात, पण त्यांच्यावर कार्ड करायला कोणी सांगत नाही.

हिवाळ्यात मात्र माझ्या फाइलीला पुन्हा हात लावावा लागला. नोव्हेंबरात ओरिओल्सने ग्रेसन रॉड्रिगेझ हा पिचर लॉस एंजेलिस एंजल्सना देऊन टेलर वॉर्ड हा बॅटर घेतला. ज्या संघाकडे बॅटरांची इतकी रास होती त्याने पिचर देऊन बॅटर आणणे हे प्रथमदर्शनी उफराटे वाटते, परंतु रॉड्रिगेझ 2025 चा सगळा हंगाम दुखापतींमुळे बाहेर होता आणि वॉर्डने त्याच हंगामात 36 होमरन मारले होते. रास मोठी होती, पण तिच्यातले कर्स्टॅड, मेयो यांच्यासारखे दाणे अपेक्षेप्रमाणे भरले नव्हते. आणि ज्याचे दाणे खरोखर भरले तो स्टोवर्स मायामीत होता. जादाचा बॅटर विकताना ही जोखीम नेहमीच राहते, कारण ज्यांना आपण ठेवतो तेच चांगले निघतील असे गृहीत धरूनच जाणाऱ्यांची निवड केलेली असते. इलायस यांच्या पद्धतीवर माझा काही आक्षेप असेल तर तो एवढाच आहे. पिचर विकत घेण्यावर नाही.

डिसेंबरात त्यांनी टँपा बेकडून शेन बाझ हा पिचर घेतला. मोबदल्यात जे चार खेळाडू आणि ड्राफ्टमधला एक हक्क गेला त्यांत जुलैच्या त्या रविवारी संध्याकाळी निवडलेले केडन बोडाइन आणि स्लेटर डी ब्रून हे दोघेही होते. डी ब्रूनचा क्रमांक मुळात टँपा बेकडूनच घेतलेला, त्यामुळे तो मुलगा पाच महिन्यांत ज्याचा हक्क त्याच्याच घरी गेला. सरांचा निरोप आला: ‘कॅचर देऊन पिचर. बरोबर आहे, कॅचर एका वेळी एकच लागतो.’ रचमन होता, ऑगस्टमध्ये आठ वर्षांचा करार केलेला सॅम्युएल बसायो होता, आयरिश होता. बोडाइन जादाच होता, हे खरे. मी त्यांना उलट एवढेच कळवले की रचमन 2025 मध्ये पोटाच्या बाजूच्या स्नायूंच्या दुखापतीने दोनदा बाहेर बसला, एकदा डावीकडच्या आणि एकदा उजवीकडच्या, आणि फाइलीत बाझच्या नावाची ओळ उघडली.